तिकडे उतरवून घ्यायला कोण?

ता. ९ जानेवारी

ती. आत्या,
शि. सा. न. वि. वि.

जाकीट पोचलं. एक बाही आखूड आहे. तू एवढी शिवणकाम करणारी, तेव्हा चूक तुझी नसणार, माझाच एक हात लांब झाला असणार. ऊब मात्र दोन्ही बाह्यांत सारखी आहे.

तू विचारलंस की मी स्टुडिओत नक्की करतो काय. तुमच्याकडे बुधवारी ती अंतराळाची मालिका लागते ना, तिच्यात ती गोल तबकडी आहे, कप्तान वर उभा राहतो, झगमग होते आणि माणूस नाहीसा. त्या तबकडीचा मी नोकर. सकाळी तिची काच पुसतो. काचेखाली बल्ब आहेत, त्यातला गेला की पोटावर सरपटत आत शिरून बदलतो, कारण इथे सगळ्यात बारीक मीच. माझ्यावर एक लाइटवाला आहे, बाबांच्या वयाचा. त्याला सगळे फ्यूजकाका म्हणतात. डोकं गरम होतं आणि मग एकदम अंधार, दिवसभर कुणाशी बोलत नाही. घरची आठवण येते.

आता माणूस नाहीसा कसा होतो ते सांगतो. शेजारच्या काकूंना सांगू नकोस, बिचाऱ्या हात जोडून बघतात. कॅमेरा जमिनीला पक्का आवळतात, वर वाळूच्या पिशव्या टाकतात, त्याला कुणी धक्का लावला तर साहेब, म्हणजे आमचा दिग्दर्शक, जीव घेईल. कप्तान तबकडीवर उभा राहतो, त्याचं चित्र घेतात. मग तो खाली उतरतो आणि सरळ चहा प्यायला जातो. मग रिकाम्या तबकडीचं चित्र घेतात. लॅबमधला माणूस एक चित्र पुसत पुसत दुसरं आणतो. झालं, कप्तान दुसऱ्या ग्रहावर. आणि ती झगमग म्हणजे काचेच्या बरणीत पाणी, पाण्यात चंदेरी भुकटी, मागून कडक उजेड. ढवळायचं काम माझं. अख्ख्या जगाला वाटतं कप्तान विरघळला, आणि इकडे मी चमचा हलवतोय.

ही तबकडी आली कशी तेही गमतीचं आहे. पहिल्यांदा म्हणे यानच दर आठवड्याला नव्या ग्रहावर उतरणार होतं. पण यान उतरवायचं म्हणजे धूर आला, माती आली, छोटं यान बनवणं आलं. परवडेना. तेव्हा कुणीतरी म्हणालं, यान राहू दे वर, माणसंच खाली टाकू. एवढं मोठं विज्ञान, आणि जन्म काटकसरीतून. आपल्या घरात जन्मायला हरकत नव्हती.

बाबा बघतात का गं ही मालिका? त्यांच्या तब्येतीचं तू लिहितेस, पण ते माझ्याविषयी काही बोलतात का, तिथे आलीस की तुझा दोरा तुटतो. कोपऱ्यावरच्या दुकानात दोनदा फोन करून त्यांना बोलावलं, दोन्ही वेळा तूच आलीस. पुढच्या पत्रात खरं लिही. रागावले असतील तर शिव्या लिही, जागा पुरली नाही तर मागच्या बाजूला लिही.

लोभ आहेच. तबकडीवरून येत नाही, पोस्टाने येतो, म्हणून उशीर.
तुझा,
भिंगरी


ता. २१ जानेवारी

चि. भिंगरी यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा एक हात लांब झाला असेल तर दुसराही ओढून लांब कर, मी बाही उसवणार नाही.

खरं लिही म्हणतोस तर लिहिते. दादा तुझं नाव घेत नाही. लोकांची बिऱ्हाडं हलवण्यात त्याचा जन्म गेला. त्या जिन्यावरून कपाटासकट पडला, तेव्हा ट्रक तुझ्या हाती देऊन मोकळा होऊ असं त्याच्या मनात होतं, आणि तू पायाला भिंगरी बांधून निघून गेलास. त्याला आता वर्ष होत आलं. कंबर गेली ती गेलीच, आता पायांना सूज येते, दोन पावलं चाललं की धाप लागते. डॉक्टर म्हणतात हृदय थकलं आहे. खाट मी पुढच्या खोलीत आणली आहे, माझ्या शिलाई मशीनशेजारी. त्यामुळे तो खडखडाटाला शिव्या देतो आणि मी त्याच्या खोकल्याला.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचते. तो भिंतीकडे तोंड करून पडतो. या वेळीही तसाच पडला. मी पत्राची घडी घालत होते तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला की हे लोक माणूस सुटा करून पाठवतात, तर जुळवताना क्रम कोण सांभाळतं? मी म्हटलं मला काय ठाऊक. तर म्हणे साधं कपाट सोडायचं म्हटलं तरी फळी न् फळीला खडूने नंबर घालावा लागतो, नाहीतर पलीकडे दार उलटं बसतं. माणसाला तर किती फळ्या. शिवाय कितीही नीट जुळवलं तरी एक स्क्रू हातात उरतोच, त्या उरलेल्या स्क्रूचं हे लोक काय करतात?

मग तो सरळ उताणा झाला. तू गेल्यापासून तुझ्या पत्राच्या वेळी तो पहिल्यांदा वळला. म्हणाला, बिऱ्हाड ट्रकात चढलं की आम्ही रिकाम्या घरातून एक फेरी मारतो, बाहेर पडताना चौकटीवर दोन ठोके मारतो, म्हणजे आत काही राहिलं नाही, सोडा गाडी. त्या ठोक्यांशिवाय आमचा ड्रायव्हर गाडी चालू करत नसे. यांच्याकडे ठोके कोण मारतं? आणि सगळ्यात मोठं म्हणजे इकडून पाठवलं ते ठीक, तिकडे तबकडी नाही, माणूस नाही, नुसता ओसाड माळ. तिकडे उतरवून घ्यायला कोण?

तुला विचार असं म्हणाला नाही. म्हणाला, तिकडे कुणाला ठाऊक असेल तर विचारून ठेव. तेव्हा कुणाला ठाऊक असेल तर कळव.

वेळेवर जेव. आशीर्वाद आहेत ते पुरवून पुरवून वापर.
तुझी आत्या


ता. ५ फेब्रुवारी

ती. आत्या,
शि. सा. न.

तुझं पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. बाबांना सांग, म्हणजे त्यांना सांगू नकोस, नुसतं मोठ्याने वाच.

त्यांचे प्रश्न घेऊन मी मालिकेच्या लेखकाकडे गेलो. हाडकुळा माणूस आहे, बिस्किटांवर जगतो. आधी मला वाटलं हाकलेल, पण त्याने खुर्ची दिली. म्हणाला, असली यंत्रं तीन जातींची असतात, ज्याला जी झेपते ती तो वापरतो.

पहिली जात आपली. माणूस उभा राहिला की यंत्र आधी त्याचा नकाशा काढतं, कुठला कण कुठे ते सगळं. मग त्याला सुटा करतं, किरणात घालून पाठवतं आणि नकाशा बघून तिकडे जुळवतं. म्हणजे बाबांचे खडूचे नंबर यंत्राच्या पोटात असतात. उरलेल्या स्क्रूबद्दल विचारलं तर तो खूप वेळ हसला. म्हणाला, स्क्रू उरला की त्याची वेगळी गोष्ट करतो, कप्तान विसरभोळा होऊन परत येतो किंवा दोन होऊन येतो, आणि आमचा एक आठवडा निघतो.

दुसरी जात दाराची. दुसऱ्या वाहिनीवरच्या मालिकेत आहे. तिथे माणसाला हात लावत नाहीत, रस्त्यालाच घडी घालतात. कापडाची दोन टोकं तू जवळ आणतेस ना, तसं. मधे एक दार. इकडून पाय टाकला की तिकडे पडला.

तिसरी जात मला आवडली नाही. तिच्यात माणूस जातच नाही. त्याचा नुसता नकाशा जातो, आणि तिकडच्याच मातीपाण्यातून नवा माणूस बनवतात. हुबेहूब. आठवणी, तीळ, सगळं तेच. मग इकडचा पुसून टाकतात.

ठोके मारणारा कुणी नाही. साहेब ओरडतो तोच ठोका. आणि तिकडे उतरवून घ्यायला कोण, हे विचारलं तेव्हा लेखकाने बिस्कीट खाली ठेवलं. म्हणाला, ते विचारायचं नसतं. प्रेक्षक ते विचारायला लागले तर आमचं दुकान बंद.

तू विचारत नाहीस, पण सांगतो. काम बरं आहे. खोलीत आम्ही तिघं राहतो, तिसरा घोरतो. मन लागतं का, तर लागतं आणि उडतं. या गावातही दोनदा खोली बदलली. फ्यूजकाका म्हणतो, तुला यंत्र कशाला, तू नुसता उभा राहिलास तरी निम्मा दुसरीकडे असतोस.

बाबांच्या पायांना सकाळीही सूज असते का? औषध घेतात की उशीखाली सरकवतात? उशी झटकून बघ.

तुमचा लोभ माझ्याकडे सुटा होऊन पोचतो, मी जुळवून घेतो. अजून काही उरलेलं नाही.
भिंगरी


ता. १९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

उशी झटकली. आठ गोळ्या निघाल्या. चोराचा बाप चोरच.

तुझं पत्र वाचलं तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. भिंतीकडे तोंड आता फिरवत नाही, कुशीवर झोपलं की जीव गुदमरतो म्हणतो. दाराची जात त्याला पसंत पडली. म्हणाला, ते बरं, मोडतोड नाही, दारातून माणूस जातो आणि दारातून येतोही. तिसऱ्या जातीशी मात्र अडला. मी मशीनवर बसले, एक आख्खी विजार संपली, तरी तो त्यावरच. शेवटी म्हणाला, इकडचा पुसतात तर त्याच्या घरच्यांना विचारतात का? आणि तिकडचा नवा परत आला, सगळं तेच, तीळसुद्धा तोच, तर घरच्यांनी त्याला आपला म्हणायचं की पाहुणा? मी म्हटलं, ताट वाढायचं, मग जेवण्यावरून कळतं आपला की पाहुणा. त्यावर हसला. हसता हसता खोकला आणि तो थांबेना.

आता नीट वाच. डॉक्टर परवा येऊन गेले. मला बाहेर बोलावून म्हणाले की औषध आहे ते फक्त सुसह्य करण्यापुरतं. किती दिवस ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी तुला ये म्हणत नाही. दादाने माझ्याकडून वचन घेतलं आहे, गळ्याची शपथ घातली आहे, की तुला बोलवायचं नाही. मी भांडले, रडले, एक दिवस त्याचा चहा बंद केला. ऐकत नाही. इतका कसला राग धरतो माणूस, मला कळत नाही. पण वचन दिलं ते दिलं. मी नुसती बातमी लिहिली आहे. वाचणारा शहाणा आहे.

त्याचा एक प्रश्न आहे. जाणाऱ्याला जाताना दुखतं का, एवढंच कुणाला तरी विचार म्हणाला.

आशीर्वाद मोजत नाही, सगळेच पाठवते.
आत्या


ता. ३ मार्च

ती. आत्या,
शि. सा. न.

तुझं पत्र वाचल्यावर साहेबाकडे गेलो. रजा मागितली. तो म्हणाला, चित्रीकरणाचा हा फेरा संपला की जा, आत्ता गेलास तर तुझ्या जागी दुसरा ठेवावा लागेल. भांडलो. फ्यूजकाकाने बाहेर ओढून आणलं. म्हणाला, फेरा महिनाअखेर संपेल, मी तुला पहिल्या गाडीत बसवून देतो. मी थांबलो. बरोबर केलं की चूक, कळत नाही. शिवाय बोलावलं नसताना दारात उभा राहिलो आणि त्यांनी तोंड फिरवलं तर, हेही मनात आहे. तुला खोटं कशाला लिहू.

दुखतं का, त्याचं उत्तर. जाणाऱ्याला काही होत नाही. हे मी पुस्तकातलं सांगत नाही, डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. जाणारा तर उतरून चहाला जातो. हाल असतात ते थांबणाऱ्यांचे.

मागे मी एकट्या कप्तानाचं लिहिलं होतं. पण कधी कधी आजूबाजूला माणसं असतात, पहारेकरी, डॉक्टरीण, कुणीतरी. कप्तान नाहीसा होताना ती तिथेच दिसायला हवीत. मग साहेब ओरडतो, थांबा. की सगळे पुतळे. हात वर असेल तर वर, तोंड उघडं असेल तर उघडं. कप्तान त्यांच्या मधून चालत निघून जातो, आणि यांनी त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. श्वास धरायचा. नाकावर माशी बसली तरी बसू द्यायची. कॅमेरा चालूच असतो, मधला निघून जाण्याचा तुकडा नंतर कापतात. थांबणाऱ्यांतला एक जरी हलला तरी लबाडी उघडी पडते आणि कप्तानाला परत येऊन उभं राहावं लागतं. म्हणजे बघ, तो जातो ते यंत्रामुळे नाहीच. मागे राहिलेले हलत नाहीत म्हणून जातो.

हे मला कळलं कारण परवा मी स्वतः थांबलो. एक पहारेकरी आजारी पडला, त्याचे कपडे मला झाले. डाव्या कडेला, कठड्याजवळ, डोक्यावर पत्र्याचं टोपलं, तो मी. फ्यूजकाका म्हणाला, भिंगरीला उभं करताय, बघा हं. साहेब ओरडला, थांबा. मी थांबलो आत्या, खरंच. कप्तान माझ्या शेजारून गेला, त्याच्या बुटांचा आवाज लांब गेला. मग समोर नुसती रिकामी तबकडी. आणि माझ्या हाताने कठड्यावर दोन ठोके मारले. मी मारले नाहीत, हाताने मारले. लहानपणापासून बाबांबरोबर रिकाम्या घरांतून फिरलो, जागा रिकामी झाली की हाताला तेवढंच येतं.

मला वाटलं आता नोकरी गेली. पण फिल्म संपत आली होती. साहेब म्हणाला, जाऊ दे, झगमग संपताना कडेला कोण बघतं. या येत्या बुधवारी ते लागेल. बाबांना म्हणावं, डावीकडे कडेला बघा. नाही, म्हणू नकोस. नुसतं वाच.

लोभ धरून ठेवा, मी येतोच आहे.
भिंगरी


ता. ११ मार्च, गुरुवार

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

काल बुधवार. सकाळपासून त्याने घर डोक्यावर घेतलं. दाढी करून घेतली. पडद्यावर उजेड येतो म्हणून मला दिवा हलवायला लावला, मग खाट हलवायला लावली, मग दिवा परत होता तिथे. शेजारच्या काकू आल्या तर त्यांना सांगितलं की मधे बोलायचं नाही.

तू दिसलास. टोपलं तुझ्या कानांवर बसलं होतं. मला एकदम भरून आलं, मी कप्तानाकडे बघितलंच नाही. कप्तान विरघळला, आणि मग तुझा हात. दोनदा. काकूंना काही दिसलं नाही. दादा म्हणाला, मारले. मग खाटेच्या कडेवर त्याने पेरांनी दोन ठोके मारले. आणि मला म्हणाला, भिंगरी उभा राहिला की गं.

नाव घेतलं रे त्याने तुझं.

आज सकाळी म्हणतो, रविवारी दुकानात फोनवर येतो, दुकानदाराच्या पोरांना म्हणावं खुर्चीतून न्या, कसं उचलायचं ते मी सांगतो. जन्मभर दुसऱ्यांची कपाटं उतरवली, आता स्वतः कपाट होऊन जाणार. रविवारी सकाळी तू स्टुडिओतल्या फोनजवळ राहा. काय बोलायचं ते तो पाठ करतो आहे, मी जवळ गेले की गप्प होतो.

आशीर्वाद घे. दोघांचे आहेत.
आत्या


ता. १५ मार्च

ती. आत्या आणि ती. बाबा,
शि. सा. न.

पाकिटावर या वेळी दोघांची नावं घातली आहेत.

गेल्या गुरुवारी अचानक आम्हाला सगळ्यांना ट्रकात भरून दगडाच्या खाणीत आणलं. मालिकेतला प्रत्येक ग्रह ही एकच खाण आहे. मागच्या महिन्यात ती लाल होती, आता दिव्यापुढे निळा कागद धरून निळी केली आहे. जवळ गाव नाही, फोन नाही, टपाल आठवड्यातून एकदा पाण्याच्या टँकरवाल्याबरोबर जातं. तेव्हा काही कळवायचं असेल तर स्टुडिओच्या पत्त्यावरच लिहा, परत गेलो की मिळेल.

बाबा, तुम्ही बुधवारी बघितलंत का? हात दिसला का? शिव्या द्यायच्या असतील तर आता थेट द्या, आत्याचा दोरा कशाला वाया घालवायचा.

इथे काल गंमत झाली. कप्तान ग्रहावर अवतरतो ते चित्र घ्यायचं होतं. आधी ओसाड माळ, मग माणूस. तो मोकळ्या जागेत येऊन उभा राहिला आणि मी बघत होतो. तुमचं खरं आहे, फार वाईट दिसतं. एवढ्या लांबून माणूस येतो आणि समोर दगड. कुणी पुढे होऊन हातातली पिशवी घेत नाही. कुणी विचारत नाही की प्रवास कसा झाला. एवढे दिवस मी झगमग ढवळत होतो, पण हे कधी दिसलंच नव्हतं.

रजा मिळाली आहे. महिनाअखेर फेरा संपला की निघतो. तबकडीच्या काचेचा एक तुकडा तडकला होता, तो फ्यूजकाकाने मला दिला. तुमच्यासाठी आणतो. कागदात गुंडाळला, मग गोणपाटात, चारी कोपऱ्यांना गवत. तुमच्याच हाताखाली शिकलो, फुटणार नाही. मी सुटा होऊन येणार नाही, दारातून येईन. तोंड फिरवायचं तर दार उघडल्यावर फिरवा.

लोभ दोघांचाही असावा, एकाने कमी केला तर दुसऱ्याने भरावा.
भिंगरी


ता. २४ मार्च

चि. भिंगरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं खाणीतलं पत्र आज आलं. त्यावरून कळलं की तुला अजून काहीच माहीत नाही. मी शनिवारीच स्टुडिओत फोन केला होता. फाटकावरच्या माणसाने निरोप लिहून घेतला, म्हणाला पोचवतो. त्याचा दोष नाही, तू खाणीत होतास.

बाळा, दादा गेला. तेरा तारखेला, शनिवारी सकाळी. दाढीचं पाणी गरम करून मी आत आले तर उशीला टेकलेला होता, मान जरा दाराकडे. मला वाटलं डोळा लागला. फार हाल झाले नाहीत, डॉक्टर म्हणाले. सगळं ट्रकवाल्या त्याच्या जुन्या सोबत्यांनी केलं. जिन्यावरून उतरवताना त्यांनी त्याला कुठेही धक्का लागू दिला नाही. तो असता तर म्हणाला असता, डावा हात वर घ्या. एकजण म्हणालाही तसं, आणि सगळेच रडायला लागले.

तुझ्या पत्रावर दोघांची नावं होती. मी ते त्याच्या खाटेवर बसून मोठ्याने वाचलं.

आता जे लिहिते ते तुला ठाऊक असायला हवं. शुक्रवारी दुपारी मी बटणं लावत होते. तो आपणहून म्हणाला की भिंगरी गेला त्या दुपारी मी झोपलो नव्हतो. तू पेटी घेऊन निघालास, तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, आणि आपण दोघांनीही वर्षभर हेच धरलं की बापाला झोप लागली होती, उठल्यावर समजलं आणि मग राग धरला. तसं नव्हतं रे. त्याने तुझी पेटी बंद होताना ऐकली. तू खोलीतून एक फेरी मारलीस ती पावलं ऐकली. तू त्याच्या खाटेजवळ थांबलास तेही. मग चौकटीवर तुझे दोन ठोके ऐकले.

तो म्हणाला, मी श्वास धरून पडलो होतो. मी हललो असतो, नुसती कूस बदलली असती, तरी तो थांबला असता, माझी ही कंबर बघून जन्मभर थांबला असता, आणि ट्रक त्याच्या पायांत बेडीसारखा पडला असता. म्हणून हललो नाही. आणि मग हलायची वेळ कधी झाली ते मला कुणी सांगितलंच नाही. तुझी पत्रं आली, फोन आले, तो तसाच पडून राहिला. त्या पोराने बरोबर लिहिलं, म्हणाला, हाल थांबणाऱ्यांचे. मला वाटायचं हे फक्त मलाच ठाऊक आहे.

बोलवायचं नाही हे वचनही त्यासाठीच. मी मूर्ख, राग समजत होते.

रविवारी फोनवर तुला काय सांगणार होता, ते मला माहीत नाही. त्याने पाठ केलेलं त्याच्याबरोबर गेलं.

त्याची खोली मी आवरलेली नाही. खाट तिथेच आहे, दिवा बुधवारी ठेवला तिथेच आहे. सोबती म्हणाले रिकामी करून देतो. मी नको म्हटलं. त्या चौकटीवर ठोके मारायचा हक्क त्यांचा नाही.

आणि एक. दादाला जमलं ते मला जमत नाही. मी दगड नाही. मला असं स्तब्ध राहून कुणाला जाऊ देता येत नाही, येणाऱ्यालाही तसं अडवता येत नाही. ज्याला वचन दिलं तो गेला, आता ते मोडते. मी हलते आहे, भिंगरी. मोठ्याने हाक मारते आहे. ये.

तुझी आत्या


ता. २९ मार्च

ती. आत्या,
शि. सा. न.

काल खाणीतून आलो. फाटकावरच्या माणसाने निरोपाची चिठ्ठी आणि तुझी दोन्ही पत्रं एकदमच हातात दिली. कुठलं आधी उघडायचं ते कळेना. बुधवारच्या मालिकेचं पत्र आधी उघडलं. त्यामुळे थोडा वेळ का होईना, बाबा रविवारी फोनवर येणार होते.

फ्यूजकाकाने साहेबाला काय सांगितलं ठाऊक नाही. सकाळी खोलीवर आला, माझी पेटी बांधायला बसला. बाबांची गाठ त्याला येत नव्हती, मी शिकवली.

त्या दुपारी खाटेजवळ मी थांबलो होतो हे खरं आहे. मला वाटत होतं त्यांनी हलावं. आता ते मनातून जाणार नाही, पण त्याचं काय करायचं ते घरी येऊन बघू. तू सांगशील.

काचेचा तुकडा घेतला आहे, त्यांच्यासाठी बांधला होता तसाच. खोली तशीच राहू दे. आपण दोघं मिळून आवरू, फळी न् फळीला नंबर घालून. ठोके मी मारीन, पण लगेच नाही. आधी त्या खोलीत मला थोडं बसायचं आहे, न हलता.

बुधवारी सकाळच्या गाडीने पोचतो. पत्र माझ्याआधी पोचलं तर एक कर. मशीन बंद ठेव आणि दारात उभी राहा. पेटी जड नाही, मी उचलीन. पण तिकडे उतरवून घ्यायला कुणीतरी लागतं.

तुझा,
भिंगरी